टॅटूवरची टेगाडर्म पट्टी: ऑपरेशन ठरलेलं असेल तर किती कामाची?

सलाईनची सुई जागेवर राहावी म्हणून हॉस्पिटलमध्ये हातावर जी पातळ, पारदर्शक पट्टी लावतात, तीच पट्टी आता टॅटू स्टुडिओंतही सर्रास वापरली जाते. टेगाडर्म हे तिचं सगळ्यात ओळखीचं नाव. ही थ्रीएम कंपनीची पट्टी. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने आपला आरोग्य विभाग वेगळा काढून त्याला सॉल्व्हेंटम असं नाव दिलं, त्यामुळे पाकिटावर यातलं कुठलंही नाव दिसलं तरी गोंधळून जाऊ नका.

निकाल आधीच सांगतो. ताज्या टॅटूचे पहिले चार-पाच दिवस सांभाळायला ही पट्टी उत्तम आहे. स्वयंपाकघरातलं क्लिंग रॅप गुंडाळण्यापेक्षा तर कितीतरी सरस. पण ऑपरेशनची तारीख जवळ आली की लोक तिच्यावर नको तेवढा भरवसा टाकतात. ‘पट्टी लावलीय, मग पंधरा दिवसांनी ऑपरेशन असलं तरी काय बिघडतं?’ असा प्रश्न टॅटू काढणारे आणि काढून घेणारे दोघंही विचारतात. बिघडतं. पट्टी बाहेरचे जंतू अडवते. सुईबरोबर किंवा शाईतून आत गेलेल्या जंतूंना ती काहीही करू शकत नाही, आणि सर्जनला धास्ती असते ती त्यांचीच.

पट्टी पॉलियुरेथेनची असते आणि तिच्या एका बाजूला अ‍ॅक्रिलिक गोंद असतो. कातडीतून निघणारी वाफ तिच्यातून बाहेर जाते. पाणी आणि जंतू आत येत नाहीत. त्यामुळे खालची जागा ओलसर राहते, जाड खपली धरत नाही, कपडा घासत नाही, रात्री झोपेत खाजवलं तरी नख लागत नाही. क्लिंग रॅपमधून वाफ बाहेर जात नाही, म्हणून त्याच्याखाली घाम साचून कातडी पांढरी पडते.

कोणतं पाकीट घ्यायचं

मेडिकलमध्ये नुसतं ‘टेगाडर्म द्या’ म्हटलं तर हाताला येईल ते पाकीट मिळतं. पहिली चूक तिथेच होते, कारण या नावाखाली बरेच प्रकार आहेत. टॅटूसाठी साधी, सलग फिल्म हवी. मधोमध पांढरं पॅड असलेली पट्टी टाक्यांसाठी असते. ती टॅटूवर लावली तर पॅडमध्ये लस (जखमेतून झिरपणारं पाणी) आणि शाई शोषली जाऊन वाळते, आणि काढताना पॅडबरोबर नवी कातडीही उचकटते. एका बाजूला खाच असलेली पट्टी सलाईनच्या सुईसाठी असते. त्या खाचेशी टॅटू उघडा राहतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या जेलची गादी असलेली महागडी पट्टी मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या नळीसाठी असते. टॅटूवर तिचं काहीच काम नाही.

साध्या फिल्मचे तीन आकार उपयोगाचे: ६ बाय ७, १० बाय १२ आणि १५ बाय २० सेंमी. पाकिटावर अनुक्रमे १६२४, १६२६ आणि १६२८ हे आकडे पाहा. टॅटूच्या चारी बाजूंना अडीच सेंटिमीटर कोरी कातडी पट्टीखाली यायला हवी. त्या हिशेबाने सगळ्यात छोटी पट्टी नखाएवढ्या टॅटूलाच पुरते, मधली साधारण ५ बाय ७ सेंमीच्या आणि मोठी १० बाय १५ सेंमीच्या. त्याहून मोठ्या कामासाठी दोन पट्ट्या एकमेकींवर दोन सेंटिमीटर चढवून लावता येतात, पण पाणी शिरतं ते त्या सांध्यातूनच.

स्टुडिओत बहुतेक वेळा रोल असतो, कारण तो स्वस्त पडतो. टेगाडर्मचा रोल निर्जंतुक नसतो; सुटी सीलबंद पट्टी निर्जंतुक असते. एरवी हा फरक कोणी फारसा मनावर घेत नाही. पुढे ऑपरेशन असलेल्याने मात्र घ्यावा, कारण तोच रोल मशिन हाताळलेल्या ग्लोव्ह्जने दिवसभर ओढला जातो. पाकिटं स्वतः घेऊन जा आणि डोळ्यांदेखत फोडायला सांगा. चांगला कलाकार याचं वाईट वाटून घेणार नाही.

लावताना आणि काढताना

टॅटू संपल्यावर जागा निर्जंतुक सलाईनने किंवा सौम्य साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवायची, कागदी रुमालाने टिपायची आणि पाच-दहा मिनिटं मोकळी ठेवायची. झिरपणं कमी झाल्याशिवाय पट्टी लावू नये. व्हॅसलिनचा पातळसा थर जरी राहिला तरी गोंद धरत नाही, आणि स्टुडिओत टॅटू काढताना व्हॅसलिन वापरलेलं असतंच. त्यामुळे भोवतालची कडा स्पिरिटच्या पुसणीने साफ करायची, पण स्पिरिट टॅटूवर जाऊ द्यायचं नाही. केस असतील तर ते आधीच काढलेले असावेत.

पट्टी ताणून लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ताणलेली फिल्म पूर्ववत व्हायला बघते, कडेची कातडी ओढते आणि दुसऱ्या दिवशी कडेला पाण्याचे फोड येतात. मग ते फोड टॅटूच्या संसर्गाचे समजून लोक घाबरतात. पाकिटातल्या पट्टीला कागदाची चौकट असते ती याचसाठी: चौकटीला धरून पट्टी नुसती टेकवायची, मधून कडेकडे बोटाने दाबत जायचं आणि चौकट शेवटी सोडवायची. रोलमधून कापली असेल तर कोपरे गोल करा, चौकोनी कोपरा आधी उचलतो. कोपर किंवा गुडघ्यावर पट्टी लावताना सांधा अर्धवट वाकवून ठेवा.

पहिल्या दिवशी पट्टीखाली काळपट पाणी साठून पिशवीसारखं दिसतं. ती लस, थोडं रक्त आणि जादा शाई असते. टॅटू वाहून चालला असं समजू नये. ही पहिली पट्टी २४ तासांनी काढायची, जागा धुवायची, कोरडी करायची आणि नवी लावायची. दुसरी पट्टी तीन ते पाच दिवस राहू शकते. पाणी कडेपर्यंत पोचून बाहेर झिरपायला लागलं, तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता लगेच काढा. जिथून पाणी बाहेर येतं तिथूनच जंतू आत जातात. झिरपणाऱ्या कडेवर वरून आणखी एक चिकटपट्टी मारणं हा घरगुती उपाय सगळ्यात घातक, कारण त्याने घाण आत कोंडली जाते.

काढताना कोमट पाण्याखाली उभं राहा, एक कोपरा मोकळा करा आणि फिल्म कातडीला समांतर, बाहेरच्या बाजूला ताणा. गोंद आपोआप सुटतो. वर उचलून खेचली तर कोवळी कातडी सोलते.

आपल्या हवेचं वेगळं सांगायला हवं. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काख, कंबर, गुडघ्यामागे ही पट्टी दोन दिवसही टिकत नाही. घाम खालून कडा उचलतो. अशा जागी रोज नवी पट्टी लावत बसण्यापेक्षा पहिल्या २४ तासांनंतर ती सोडून दिवसातून दोनदा धुणं आणि वास नसलेल्या मलमाचा अगदी पातळ हात फिरवणं बरं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीत तीच पट्टी पाच दिवस सहज राहते.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल एक गंभीर सूचना. लहान मुलाला सलाईन लावण्यापूर्वी हॉस्पिटलमध्ये लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम लावून वर हीच फिल्म चिकटवतात, कारण झाकल्यामुळे औषध जास्त मुरतं. तिथे जागा बारकीशी असते आणि मात्रा मोजलेली असते. तेच क्रीम पाठभर थापून वर फिल्म लावली तर औषध रक्तात इतकं जाऊ शकतं की झटके येतील, हृदयाचे ठोके बिघडतील. टॅटू झाल्यावर सोललेल्या कातडीवर पुन्हा बधिर करणारं मलम लावून पट्टी मारणं तर अजिबात नको.

ऑपरेशनच्या आधी किती दिवस

टॅटूची सुई शाई कातडीच्या आतल्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल सोडते. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरून येते आणि टॅटू बरा दिसायला लागतो. आतली दुरुस्ती मात्र सहा आठवडे किंवा त्याहून जास्त चालू असते. ठरवून करायच्या ऑपरेशनचा जुना नियम असा की शरीरात कुठेही जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करायचा, मग ऑपरेशन. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत तो स्पष्ट लिहिलेला आहे आणि आपल्याकडचे सर्जनही तो पाळतात. दंडावरचा टॅटू पिकलेला असताना गुडघ्याचा सांधा बदलला, तर दंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. धातूवर किंवा प्लास्टिकवर एकदा बसलेले जंतू निव्वळ गोळ्यांनी क्वचितच जातात. कधी सांधाच काढावा लागतो.

नेहमीचे पू करणारे जंतू, म्हणजे स्टॅफिलोकोकस वगैरे, आठवड्याभरात तोंड दाखवतात. तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायचं सोडून दुखणं वाढतं, लाली पट्टीच्या कडेबाहेर पसरते, वास येतो, ताप येतो. लालीभोवती पेनने रेघ मारून ठेवा; सहा तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर पट्टी काढून डॉक्टर गाठा.

खरा त्रास उशिरा दिसणाऱ्या जंतूंचा. पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरियम चेलोनेसारखे जंतू एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बारीक लाल पुटकुळ्यांच्या रूपात उगवतात, आणि तेही बहुधा टॅटूच्या राखाडी छटेतच. कारण राखाडी छटा काळ्या शाईत पाणी घालून करतात. २०१२ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे अशीच लागण उघडकीस आली. तिथे शाई बाटलीतच दूषित होती, स्टुडिओची स्वच्छता कितीही असती तरी उपयोग झाला नसता. हीच जंतूंची जात आपल्या सर्जनना दुसऱ्या कारणाने चांगली ठाऊक आहे: दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर महिन्याभराने छिद्राच्या जागी गाठ येणं, पाणी झिरपत राहणं, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणं. उपचार महिनोन्महिने चालतात. दोन आठवड्यांपूर्वी टॅटू काढलेल्या माणसाच्या पोटावर अशी गाठ आली, तर मूळ कुठलं हे शोधणंही अवघड होऊन बसतं.

म्हणून स्टुडिओत एक प्रश्न जरूर विचारा: राखाडी छटेसाठी पाणी कुठलं? उत्तर ‘इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी, अँप्यूल फोडून’ असं हवं. आरओचं किंवा बिसलेरीचं पाणी पिण्यासाठी ठीक, कातडीच्या आत सोडण्यासाठी नाही.

यावरून आमचा हिशेब असा. टॅटूपासून दूर असलेला तीळ किंवा चरबीची गाठ जागेवर भूल देऊन काढायची असेल तर टॅटूनंतर चार आठवडे. पित्ताशय वगैरे पोटाच्या ऑपरेशनला सहा ते आठ आठवडे. शरीरात काही बसवायचं असेल, म्हणजे सांधा, प्लेट, पेसमेकर, हर्नियाची जाळी, तर कमीत कमी तीन महिने; सहा असतील तर उत्तम. हर्नियाची जाळी लोक या यादीत धरत नाहीत, पण तीही परकी वस्तूच. हृदयाची झडप बदललेल्यांनी किंवा बदलायची असलेल्यांनी टॅटूचा विचार हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करूच नये, आणि आमच्या मते तर करूच नये. शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा. त्यांनी यापेक्षा जास्त अंतर सांगितलं तर तेच धरा. तातडीचं ऑपरेशन अर्थातच टॅटूसाठी थांबत नाही. अपेंडिक्स फुटायला आलं असेल तर टॅटू कालचा असला तरी ऑपरेशन होतंच.

रक्ताच्या तपासण्यांचंही गणित आहे. ऑपरेशनआधी कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही तपासतात. कावीळ सीची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) रक्तात दिसायला ८ ते ११ आठवडे लागू शकतात. त्यामुळे टॅटूनंतर पंधरा दिवसांनी आलेला चांगला रिपोर्ट त्या टॅटूबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय रक्तपेढ्या टॅटूनंतर १२ महिने रक्त घेत नाहीत. घरात कोणाचं मोठं ऑपरेशन ठरलं असेल आणि बदली रक्तदाता म्हणून तुमचं नाव असेल, तर टॅटू पुढे ढकला.

दाखल होताना

पट्टी लावलेला टॅटू घेऊन ऑपरेशनला जायची वेळ आलीच, तर लपवू नका. तारीख, जागा आणि एक फोटो दाखवा. पट्टी काढली जाईल, कारण तिच्याखालची कातडी तपासता येत नाही आणि क्लोरहेक्सिडिन किंवा बीटाडीन तिच्याखाली पोचत नाही. ऑपरेशनच्या जागेवरच ताजा टॅटू असेल तर ऑपरेशन पुढे ढकललं जाणं जवळपास नक्की.

भूलतज्ज्ञाला दोन गोष्टी लागतात, त्या मोकळ्या ठेवा. एक, सलाईनसाठी किमान एका हाताची पाठ आणि मनगटाच्या वरचा भाग. ताज्या टॅटूतून सुई घालत नाहीत. दोन, पाठीत भूल द्यायची असेल तर कण्याच्या मधली जागा. तिथे जुना टॅटू असला तर ते शाई नसलेली फट शोधतात किंवा किंचित बाजूने सुई घालतात, त्याने भूल नाकारली जात नाही. रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची प्लेट बहुधा मांडीवर चिकटवतात, आणि धातूयुक्त रंगाच्या टॅटूवर ती लावू नये असा नियम आहे, कारण भाजण्याची शक्यता असते. मांडीवर मोठा रंगीत टॅटू असेल तर आधी सांगा, प्लेट दुसरीकडे लागते. एमआरआय असेल तर तिथेही सांगा. लोहाच्या रंगामुळे क्वचित चुणचुण किंवा उष्णता जाणवते, ओला गार कपडा ठेवला की भागतं. आजीच्या कपाळावरचं किंवा हातावरचं जुनं गोंदण काजळीचं असतं, त्याची चिंता नको.

ऑपरेशननंतर

टाके निघाले म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. सांधा बदलल्यावर रक्त पातळ ठेवणारी औषधं १० ते ३५ दिवस चालतात. स्टेंटनंतर बरेच महिने. त्या काळात टॅटू काढला तर रक्त जास्त येतं, शाई बाहेर ढकलली जाते, पट्टीखाली पिशवी सारखी भरते आणि पट्टी चार-चार वेळा बदलावी लागते. टॅटूसाठी ही गोळी स्वतःहून बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, टॅटू त्यानंतर. सांधा किंवा जाळी बसवली असेल तर शरीरावर कुठेही टॅटू काढायला सहा महिने थांबावं असं आम्ही म्हणू, आणि स्टुडिओत जायच्या आधी सर्जनला विचारावं.

व्रणावरच टॅटू हवा असेल तर घाई अजिबात नको. सिझरचा, बायपासचा किंवा गुडघ्याचा व्रण पूर्ण मुरायला १२ ते १८ महिने जातात. तो लाल-गुलाबी आहे, खाजतो, कडक लागतो, तोवर आतले धागे रचले जातायत. तेव्हा सुई टोचली तर शाई एका जागी पसरते, दुसरीकडे धरतच नाही, आणि व्रण पुन्हा फुगू शकतो. रंग फिका, पृष्ठभाग सपाट, दाबलं तर मऊ, अशी खूण बघा. छातीच्या मधोमध, खांद्यावर, कानाच्या पाळीवर किलॉइड (व्रणाच्या कडेबाहेर वाढत जाणारा फुगीर व्रण) येण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी व्रणावर टॅटू काढूच नये. सावळ्या कातडीत ही प्रवृत्ती जास्त असते. बायपासचा व्रण नेमका छातीच्या मधोमध असतो, म्हणून हे ठासून सांगतो.

स्तनाच्या कर्करोगानंतर स्तनाग्राचा टॅटू करून घेणाऱ्या बायकांसाठी ही पट्टी फार सोयीची आहे, कारण ब्रा घासत नाही. पण रेडिएशन झालेली कातडी पातळ असते आणि गोंदाबरोबर सोलू शकते. तिथे पट्टीऐवजी न चिकटणारं मऊ ड्रेसिंग ठेवून वर सैल कपडा घालावा. ज्या बाजूच्या काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या आहेत त्या हातावर टॅटू नको, सूज कायमची मागे लागू शकते. दुसऱ्या बाजूच्या काखेतही टॅटूची शाई गाठींपर्यंत जाते आणि पुढे तपासणीत काळी गाठ दिसून गोंधळ होतो. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना टॅटू असल्याचं कळवलेलं असावं.

पट्टी कोणी घेऊ नये? प्लास्टरने ज्यांना आधीच पुरळ येतं त्यांनी, प्रत्यारोपणानंतर किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी (त्यांनी टॅटूच आधी डॉक्टरला विचारून), आणि ज्यांचा टॅटू आधीच पिकलाय त्यांनी. संसर्ग झालेल्या जागेवर पट्टी मारणं म्हणजे जंतूंना ऊब देणं.

बाकीच्यांनी टॅटूच्या दोन आठवडे आधी सगळ्यात छोटी, ६ बाय ७ ची पट्टी हाताच्या आतल्या बाजूला ४८ तास लावून बघावी. पट्टीच्या आकाराचाच चौकोन लाल होऊन खाजायला लागला, तर तुम्हाला त्या गोंदाची अ‍ॅलर्जी आहे. मग स्टुडिओत दुसरी सोय करायला सांगाच, पण हॉस्पिटलच्या फॉर्मवर अ‍ॅलर्जीच्या रकान्यातही ते लिहा. ऑपरेशनच्या दिवशी तुमच्या हातावर सलाईनच्या सुईवर बहुधा हीच पट्टी लागणार आहे.